नियम चालू, अलर्ट गायब!

सीम (SIEM) म्हणजे सगळ्या यंत्रांच्या नोंदी गोळा करून हल्ला हेरणारी प्रणाली. तिच्यातल्या नियमासमोर हिरवा दिवा आहे, मग अलर्ट कुठाय? मुद्दाम वीसदा चुकीचा पासवर्ड टाकला. विंडोजने ४६२५ क्रमांकाची, म्हणजे फसलेल्या लॉगिनची, नोंद इमानेइतबारे केली, सीममध्ये ती पोचलीही. पण सर्व्हरने लिहिली भारतीय वेळ, सीमने धरली यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). म्हणजे नोंद थेट साडेपाच तास पुढे! आणि नियम चाळतो मागची पाच मिनिटं. सापडणार कशी?

गेल्या महिन्यात कुणीतरी नोंदीतल्या फील्डचं नाव बदललं, सांगितलं नाही; नियम जुनंच नाव शोधत बसला. त्याआधी ४६८८वर (नवा प्रोग्राम सुरू झाल्याची नोंद) नियम लिहिला, तर ती नोंद करायला लावणारी ऑडिट पॉलिसीच बंद! आणि नियमातून वगळलेले ते 'तात्पुरते' अपवाद? वर्षानुवर्षं तसेच!

वर साहेब विचारतात, "अलर्ट नाहीत म्हणजे सगळं सुरक्षित ना?" अहो, पहारेकरीच आंधळा झालाय! नियम लावल्यावर एकदा खोटा हल्ला करून बघायला कुणाचे हात दुखतात?