म्हणे, आव्हानवीर लॉटरीतून ठरतो!

गोव्यातला बुद्धिबळाचा विश्वचषक झाल्यापासून एक मेसेज गटागटांत फिरतोय: 'जगज्जेत्याचा आव्हानवीर आता बाद पद्धतीच्या लॉटरीतून ठरतो. क्लासिकल डाव बरोबरीत सोडवा, टायब्रेकरमध्ये नशीब काढा. गुकेश तिसऱ्याच फेरीत गेला, यातच सगळं आलं.' (क्लासिकल म्हणजे लांब वेळेचे डाव; ते बरोबरीत सुटले तर कमी वेळाच्या जलद डावांचा टायब्रेकर.)

पहिलं वाक्यच चुकीचं. विश्वचषकातून आव्हानवीर ठरत नाही. पहिल्या तिघांना कँडिडेट्समध्ये, म्हणजे आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, जागा मिळते, एवढंच. तिथे आठ जण एकमेकांशी दोनदा खेळतात, म्हणजे प्रत्येकाचे १४ डाव. आणि गुकेश हरला म्हणून काय बिघडलं? तो जगज्जेता आहे, त्याला आव्हानवीर व्हायचंच नव्हतं.

नशीब अजिबात नसतं असं मात्र मी म्हणणार नाही. २०२३ च्या बाकू विश्वचषकात ६९वा मानांकित निजात अबासोव उपांत्य फेरीत पोहोचला. वाटेत त्याने आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीला टायब्रेकरमध्ये घरी पाठवलं. विदितने त्याआधीच्या फेरीत दोनदा आव्हानवीर ठरलेल्या नेपोम्नियाचीला हरवलं होतं, म्हणून ते जास्तच लागलं. अबासोव चौथा आला, पण विजेत्या कार्लसनने कँडिडेट्सची जागा नाकारल्यामुळे टोरंटोच्या कँडिडेट्सला गेला. तिथे १४ डावांत त्याचे गुण साडेतीन, आठांत शेवटचा. विदित ग्रँड स्विस ही दुसरी पात्रता स्पर्धा जिंकून तिथे पोहोचलाच. आणि बाकूत कार्लसनकडून हरलेला गुकेश? तो फिडे सर्किटमधून, म्हणजे वर्षभरातल्या स्पर्धांच्या गुणांवर, आला आणि ९ गुणांसह आव्हानवीर झाला.

राहिला टायब्रेकर. २०१२ साली मॉस्कोत जगज्जेतेपदाच्या लढतीत आनंद आणि आव्हानवीर गेल्फंड ६-६ बरोबरीत होते. आनंदने जगज्जेतेपद राखलं ते जलद डावांत. तेव्हा लॉटरी म्हटल्याचं कुणाचं ऐकलं नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या बाटुमीतल्या महिला विश्वचषकात हरिकाला आणि अंतिम फेरीत हंपीला जलद डावांतच हरवलं, पण माजी जगज्जेती तान झोंगयीला मात्र क्लासिकलमध्ये. एकामागून एक अशा खेळाडूंना काढणं हे चिठ्ठ्या टाकण्याचं काम नव्हे.

बाद पद्धतीनेच आव्हानवीर ठरवण्याचे प्रयोगही झालेत. २०११ च्या कझान कँडिडेट्समध्ये ३० क्लासिकल डावांपैकी २७ बरोबरीत सुटले! ग्रिशुक हा अरोनियन आणि क्रामनिक या दोघांना टायब्रेकरमध्ये काढत अंतिम फेरीत आला आणि तिथे गेल्फंडकडून शेवटच्या क्लासिकल डावात हरला. तक्रार करायचीच तर त्या पद्धतीची करा. खुल्या गटात ती २०१३ पासून बंद आहे.