गल्लीवार आकड्यांवरून गावाला शिक्का मारू नका

निकाल लागला की आठ दिवसांत तो संदेश फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, दावा तोच: "तालुक्याच्या गावांचं राजकारण ठरलेलं असतं. गाव एका पक्षाचं असतं. नगरपालिका ज्याची, आमदारकी त्याची. जात कळली की मत कळलं, उरलेली मतं पाकिटावर. खात्री नसेल तर बूथवार आकडे बघा." चांगली शिकलेली माणसंही हे पुढे पाठवतात, म्हणून एकेक विधान तपासून बघू.

गाव एका पक्षाचं असतं? २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, महायुतीला १७. सहा महिन्यांच्या आत विधानसभेला महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. गावं तीच, मतदार जवळपास तेच. शिवाय लोकसभेच्या त्या ३० आणि १७ मागे दोन्ही बाजूंच्या मतांतला फरक एका टक्क्याहूनही कमी होता. सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो, बाकीच्यांची मतं निकालात दिसत नाहीत. चाळीस-पंचेचाळीस टक्के मतांवर एखादा जिंकला की आपण अख्ख्या गावाला त्याचा रंग फासतो आणि उरलेले निम्म्याहून जास्त मतदार जणू तिथे राहतच नाहीत.

साताऱ्याचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. २१ ऑक्टोबर २०१९ ला तिथे विधानसभेची निवडणूक आणि लोकसभेची पोटनिवडणूक एकाच दिवशी झाली. लोकसभेला राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील यांनी भाजपच्या उदयनराजे भोसले यांना ऐंशी हजारांहून अधिक मतांनी हरवलं. त्याच मतदारसंघातल्या सहा विधानसभा जागांपैकी तीन मात्र भाजप-शिवसेना युतीने जिंकल्या. एकाच केंद्रात, काही सेकंदांच्या अंतराने दोन बटणं दाबताना कितीतरी माणसांनी वेगळा विचार केल्याशिवाय असा निकाल लागत नाही. ही माणसं कुणाची म्हणायची?

नगरपालिकेचं गणित तर आणखी वेगळं. तिथे पक्षाच्या चिन्हाइतक्याच 'शहर विकास आघाड्या' चालतात, आणि विधानसभेला एकमेकांविरुद्ध उभे राहणारे गट तिथे एकाच पॅनलमध्ये असतात. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, गटार कोण साफ करून घेतं, रात्री दवाखान्यात कोण सोबत आलं, यावर नगरसेवकाला मत पडतं. निवडीचा नियमही टिकलेला नाही. २०१६ ला नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला गेला, २०२० ला ती पद्धत बंद झाली, २०२२ ला परत आली. थेट निवडीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असंही घडतं. मग 'नगरपालिका ज्याची' यातला 'जो' नेमका कोण?

जातीचा मतावर परिणाम होतो. तो नाकारणं खोटेपणा ठरेल. पण जात कळली की मत कळलं, हे साध्या हिशेबातही टिकत नाही. समजा एका बूथवर ८०० मतं पडली, त्यांत एका समाजाची ४८०. एका उमेदवारालाही ४८०च मिळाली. संदेश लिहिणारा म्हणेल, बघा, एकगठ्ठा! पण बाकीच्या ३२० जणांनी सगळीच्या सगळी मतं त्याला दिली असतील, तर त्या समाजातून त्याला फक्त १६० मिळाली. म्हणजे एक तृतीयांशापासून शंभर टक्क्यांपर्यंत काहीही खरं असू शकतं. बूथच्या एकूण बेरजेतून एकेका माणसाचं मन वाचता येत नाही.

पाकिटं वाटली जातात, तो गुन्हा आहे, आणि तो थांबलाच पाहिजे. पण बऱ्याचदा ती दोन्हीकडून वाटली जातात आणि त्यातला एक हरतोच. पैसे घेऊनही मत मनाप्रमाणे देता येतं, कारण मतदान गुप्त आहे.

आणि हीच गुप्तता या संदेशाने धोक्यात येते. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. ईव्हीएममुळे मोजणी यंत्रागणिक होते आणि नमुना २० मध्ये, म्हणजे निकालाच्या अधिकृत तक्त्यात, प्रत्येक केंद्राचा आकडा जाहीर होतो. एका केंद्रावर साधारण हजारभर मतदार, म्हणजे छोट्या गावात दोन-चार गल्ल्या. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला, विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला दुजोरा दिला. कारण स्पष्ट होतं: विरोधात मत देणाऱ्या वस्तीवर निकालानंतर सूड उगवला जाऊ नये. केंद्र सरकारने ते मान्य केलं नाही.

त्यामुळे त्या आकड्यांपुढे गल्लीचं नाव आणि 'गद्दार' असा शब्द लिहून जेव्हा चित्र फिरतं, तेव्हा ते हरलेल्या उमेदवाराच्या माणसांपर्यंतही पोचतं. त्या गल्लीतल्या ज्या बाईने त्यालाच मत दिलं होतं, तिच्याही नळाचं पाणी मग सूडापोटी तोडलं जाऊ शकतं. तुमच्या गटात असं चित्र आलं, तर टाकणाऱ्याला फोन करून ते काढायला लावा.