आधार दाखवा, नाहीतर बाजूला व्हा

शाळेचा प्रवेश, लॉजवरची एका रात्रीची खोली, दवाखान्याचा केसपेपर, भाड्याच्या घराचा करारनामा, इतकेच काय पण सोसायटीच्या फाटकावरची नोंदवही: गेल्या काही वर्षांत या प्रत्येक ठिकाणी माझ्याकडे आधार कार्डाची झेरॉक्स मागितली गेली आहे, आणि ती कोणत्या नियमाने मागता असे विचारल्यावर मला एकाही ठिकाणी नियम दाखवण्यात आलेला नाही. उत्तरे तीनच असतात. 'वरून आदेश आहे', 'सिस्टीम त्याशिवाय पुढेच जात नाही', आणि सगळ्यांत संतापजनक म्हणजे 'सगळे देतात, तुम्हालाच काय अडचण आहे?' मागे रांग असते, लोक कुरकुरू लागतात, आणि कायदा विचारणारा माणूसच तिथे कज्जेदलाल ठरतो.

अडचण काय आहे ते मी सांगतो. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा वैध ठरवला, पण तो ठरवताना त्याला स्पष्ट कुंपण घातले. खासगी कंपन्यांना आणि व्यक्तींना आधार वापरण्याची मोकळीक देणारा कलम ५७ मधला भाग न्यायालयाने रद्द केला. बँक खात्याला आणि मोबाइल क्रमांकाला आधार जोडण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवली. शाळेतल्या प्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, सीबीएसई, नीट आणि यूजीसी यांनाही ते सक्तीचे करता येणार नाही, असे सांगितले. हा निकाल कुठल्या कपाटात दडवलेला नाही. त्या आठवड्यात प्रत्येक मराठी वर्तमानपत्राने तो पहिल्या पानावर छापला होता. तरीही आज सहा वर्षांच्या मुलाला पहिलीत घालायला गेलेल्या आईबापांना जन्मदाखल्याच्याही आधी विचारले जाते ते आधार.

यात शाळेच्या कारकुनावर किंवा मुख्याध्यापकांवर ओरडून काहीही साध्य होत नाही, कारण खरी सक्ती त्यांच्यावरच केलेली आहे. आपल्या राज्यात शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेवर ठरते, संचमान्यता पटसंख्येवर ठरते, आणि शिक्षण विभागाने त्या पटसंख्येत ज्यांचे आधार वैध ठरले आहे तेच विद्यार्थी धरण्याचे धोरण आणले. मूल रोज वर्गात बसते, हजेरीपटावर त्याचे नाव आहे, बाईंना त्याचा चेहरा पाठ आहे, पण जनरल रजिस्टरमधल्या नावात आणि आधारवरच्या नावात एका वेलांटीचा फरक पडला की ते मूल सरकारी हिशेबात मोजले जात नाही आणि त्याच्यापायी एका शिक्षकाचे पद धोक्यात येते. अशा स्थितीत मुख्याध्यापक पालकांच्या मागे लागणार नाहीत तर काय करतील? मंत्रालयातून कुठल्याही पालकाच्या नावे सक्तीचा हुकूम निघत नाही. हुकूम काढला तर तो न्यायालयात टिकणार नाही हे तिथे पक्के ठाऊक आहे. म्हणून मधल्या माणसाची मान पिरगाळायची आणि त्याच्याकरवी ती सक्ती घराघरांत पोहोचवायची, असा हा प्रकार आहे, आणि तो उघड हुकुमापेक्षा वाईट आहे, कारण हुकुमाविरुद्ध दाद तरी मागता येते.

आता त्याच शाळांमधून 'अपार' नावाचा, विद्यार्थ्याच्या शिक्षणाच्या नोंदी जोडणारा, आणखी एक क्रमांक दिला जातो आहे. त्याचीही नोंदणी आधारवरच उभी आहे, त्यालाही कागदोपत्री पालकांची संमती लागते, आणि त्याचेही किती टक्के काम झाले याचा हिशेब शाळांकडे वरून मागितला जातो. ज्या संमतीचे उद्दिष्ट आधीच ठरवून दिलेले असते, तिला संमती म्हणणे ही पालकांची फसवणूक आहे. अल्पवयीन असताना नोंदणी झालेल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत स्वतःचा आधार क्रमांक रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो, ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेली आहे. कोणत्या शाळेने, कोणत्या महाविद्यालयाने ती आपल्या विद्यार्थ्यांना सांगितली आहे?

माझ्यासारख्या पांढरपेशा माणसाचा त्रास हा अपमानाचा आणि वेळेचा आहे. रेशन दुकानात तोच प्रकार माणसाच्या ताटापर्यंत जातो. ऊसतोड करणाऱ्या, विटा उचलणाऱ्या, आयुष्यभर राखेने भांडी घासलेल्या बायकांच्या बोटांवर ठसे उरलेले नसतात. ई-पॉस यंत्रावर अंगठा लागत नाही, मग दुसरे बोट, मग बोट पुसून पुन्हा तेच, मग 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या'. उद्या म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली. आधार प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी २०१८ मध्ये घटनापीठासमोर जे सादरीकरण केले, त्यात सरकारी सेवांसाठीच्या पडताळणीचे यश ८८ टक्के सांगितले होते, म्हणजे शंभरातल्या बारा वेळा यंत्र नाही म्हणत होते. ही आकडेवारी कुणा विरोधकाने मांडलेली नव्हती, ती ही यंत्रणा चालवणाऱ्यांचीच होती. बँकेच्या एटीएमने शंभरातल्या बारा वेळा 'हे खाते तुमचे नाही' असे सांगितले असते, तर ते एटीएम एक दिवस तरी चालू ठेवले असते का? गरिबाच्या धान्याबाबत मात्र ते चालते, कारण त्याचा आवाज दुकानाच्या फळीपलीकडे जात नाही.

या देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत, एका आदिवासी महिलेला देण्यात आला. ज्यांच्याकडे कसलाच कागद नाही त्यांना ओळख मिळेल, हा त्यामागचा शब्द होता, आणि तो शब्द चांगला होता. म्हणूनच त्याची पुढे जी गत झाली तिचा राग अधिक येतो. ज्याच्याकडे काही नाही त्याला दार उघडून देण्यासाठी आणलेली वस्तू आज त्याच्याच तोंडावर दार लावण्यासाठी वापरली जाते. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर पतीचे किंवा वडिलांचे आधार आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपीही मागण्यात आला. जिचा नवरा वारला आहे आणि वडीलही हयात नाहीत, जिला नवऱ्याने टाकले आहे, तिने तो ओटीपी कुणाकडून आणायचा, हा विचार योजना आखणाऱ्यांना आधी सुचला नाही. आरडाओरडा झाल्यावर मुदत वाढवून त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. कायद्याच्या कलम ७ मध्ये, ज्याला आधार क्रमांक मिळालेला नाही त्याला ओळख पटवण्याचा दुसरा व्यवहार्य मार्ग दिला पाहिजे, असे स्वच्छ लिहिलेले आहे. तो दुसरा मार्ग मला आजवर एकाही दुकानाच्या फलकावर लिहिलेला दिसलेला नाही.

सरकारची या बाबतीतली वृत्ती पहिल्यापासूनच कळत होती. २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध याचिका केली. 'आधार नाही म्हणून कुणाचे अडता कामा नये' असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच दिला, आणि तो वर्षानुवर्षे पायदळी तुडवला गेला. २०१५ मध्ये तेव्हाच्या महान्यायवादींनी, भारताच्या नागरिकाला खासगीपणाचा मूलभूत हक्कच नाही, असा युक्तिवाद भर न्यायालयात केला, आणि २०१७ मध्ये, माणसाचा स्वतःच्या शरीरावरही निरंकुश अधिकार नसतो, इथपर्यंत मजल गेली. सत्तेतले पक्ष या काळात बदलले, खुर्चीची भूक तीच राहिली, म्हणून मी हा राग एका पक्षावर काढत नाही.

त्या युक्तिवादाला २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने उत्तर दिले: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच निकालात आणीबाणीतल्या १९७६ च्या जबलपूर खटल्याचा तो काळाकुट्ट निर्णय मोडीत काढला गेला, ज्याने आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही असे म्हटले होते. त्या १९७६ च्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते आणि २०१७ मध्ये तो मोडीत काढणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. बापाचा निर्णय चूक होता असे मुलाने भर निकालपत्रात लिहावे, इतके ज्या हक्काचे मोल आहे, तो हक्क लॉजच्या काउंटरवरचा पोऱ्या आपल्याकडून रोज एका झेरॉक्सच्या पानात काढून घेतो.

आणि न्यायालयाने जे बंद केले ते सरकारने मागच्या वाटेने पुन्हा उघडले आहे. मुळात २०१६ चा कायदाच धन विधेयक म्हणून आणला गेला, जेणेकरून राज्यसभेला तो अडवता येऊ नये. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी २०१८ च्या भिन्नमताच्या निकालात यालाच राज्यघटनेशी केलेली लबाडी म्हटले. निकालानंतर पुढच्याच वर्षी दुरुस्ती करून बँकांना आणि मोबाइल कंपन्यांना 'स्वेच्छेने' आधार वापरण्याची वाट करून दिली गेली. २०२५ च्या जानेवारीअखेर नियम बदलून खासगी संस्थांनाही परवानगी घेऊन आधार पडताळणी करता येईल अशी सोय झाली. कलम ५७ मधून काढलेला काटा नियमावलीतून पुन्हा रुतवला गेला.

झेरॉक्सचीच गोष्ट घ्या. २०२२ च्या मे महिन्यात प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली की आधारची प्रत कुणालाही सरसकट देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क केलेले आधार द्या, आणि प्राधिकरणाचा परवाना नसलेल्या हॉटेलांना किंवा चित्रपटगृहांना अशा प्रती घेऊन ठेवण्याचा अधिकार नाही. नागरिकाच्या बाजूने एवढे सरळ बोललेले मी या विषयात फारसे ऐकलेले नाही. दोन दिवसांत ती सूचना मागे घेण्यात आली, कारण काय तर लोकांचा गैरसमज होईल. लोकांना त्यांचा हक्क नेमका समजला, हीच तिथे धास्ती होती असे माझे मत आहे.

हीच खोड आता मोबाइलच्या आतही शिरते आहे. २०२० च्या मे महिन्यात साथीच्या नावाखाली सरकारी आणि खासगी सगळ्या कर्मचाऱ्यांना आरोग्य सेतू ॲप सक्तीचे केले गेले, आणि ओरड झाल्यावर पंधरवड्यात ती भाषा सौम्य करावी लागली. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये संचार साथी हे मोबाइल सुरक्षेचे सरकारी ॲप आधीच घालून द्या असा आदेश कंपन्यांना निघाला. देशभर आवाज उठल्यावर ३ डिसेंबरला तो मागे घेण्यात आला. आदेश मागे घेतले जातात ते केवळ लोक चिडतात म्हणून, एरवी ते तसेच राहिले असते. म्हणून चिडणे सोडू नका, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

नागरिकाच्या माहितीच्या संरक्षणासाठी म्हणून २०२३ मध्ये जो कायदा झाला, त्यात केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला अधिसूचना काढून त्या कायद्यातूनच मोकळे करू शकते, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातले कलम ८(१)(जे) असे बदलले की अधिकाऱ्यांबद्दलची माहिती 'व्यक्तिगत' म्हणून नाकारणे आणखी सोपे व्हावे. ज्या महाराष्ट्राने माहितीच्या अधिकारासाठी उपोषणे पाहिली, त्याने तरी हा बदल असा निमूट गिळायला नको होता. सरकारला माझ्या बुबुळांपर्यंत सगळे हवे, आणि मी सरकारी खर्चाचा कागद मागितला की तिथे कुणाचा तरी खासगीपणा आडवा येतो.

२०१९ च्या दुरुस्तीत आधार कायदा मोडणाऱ्या संस्थेला एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवलेला आहे. पण त्या दंडाची चौकशी फक्त प्राधिकरणाच्याच तक्रारीवरून सुरू होऊ शकते. ज्याच्यावर सक्ती झाली त्या नागरिकाच्या तक्रारीवरून नाही. हे कलम बदलले पाहिजे आणि दंडाची तक्रार करण्याचा अधिकार थेट माणसाच्या हातात आला पाहिजे. प्रत्येक शाळेत, रेशन दुकानात, तहसील कचेरीत आणि महा ई-सेवा केंद्रात, आधारऐवजी कोणकोणती कागदपत्रे चालतील आणि ती नाकारणाऱ्या कर्मचाऱ्याविरुद्ध कोणत्या अधिकाऱ्याकडे जायचे, हे त्या अधिकाऱ्याच्या नावासकट, मोठ्या मराठी अक्षरांत भिंतीवर लिहिले गेले पाहिजे. शिक्षण विभागाने संचमान्यतेसाठी हजेरीपटावरचे प्रत्यक्ष मूल मोजावे. आणि तोवर, जिथे कायद्याने आधार लागत नाही तिथे मी ते देणार नाही. मागणाऱ्याने नियमाचा क्रमांक लिहून, खाली सही करून तो कागद माझ्या हातात द्यावा.