पुढं व्हा, आलोच!

आमच्या डोंगर चढणाऱ्या ग्रुपमध्ये मी सगळ्यात लहान, म्हणजे ५२ वर्षांचा. बाकीचे ६५ ते ७३. त्यामुळे जगात इतरत्र ‘काका, जरा सरका’ ऐकणारा मी त्यांच्यात ‘पोरगा’ असतो. सुरुवातीला याचं फार कौतुक वाटायचं. मग लक्षात आलं की पोरगा म्हणजे ज्याच्या पाठीवर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या, मोठा थर्मास, दोरी आणि प्रथमोपचाराची पेटी असते तो.

रविवारी पहाटे डोळे उघडले तेच पावसाच्या आवाजानं. मनात म्हटलं, सुटलो! लगेच फोन हातात घेतला. आता कुणीतरी ‘रद्द’ लिहील. ताईंनी लिहिलं, ‘पाऊस छान आहे!’ इंजिनिअरसाहेबांनी अंगठा टाकला. मास्तरांनी दोन अंगठे टाकले. पाच जणांत आपणच कच खाल्ली असं कोण म्हणवून घेणार? मीही अंगठा टाकला आणि जीन्स चढवली. जीन्स घालून येऊ नकोस, सुती कापड भिजलं की जड होतं आणि वाळता वाळत नाही, हे मला आदल्या दिवशी तीन जणांनी स्वतंत्रपणे सांगितलं होतं. पण पोरग्यानं ऐकायचं नसतं.

पायथ्याशी इंजिनिअरसाहेबांनी हिशेब मांडला. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक नियम घालून दिलाय म्हणे. साधारण ५ किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आमची वाट ४ किलोमीटरची, चढ ४५० मीटरचा. म्हणजे एक तास तेहतीस मिनिटं. प्रत्यक्षात सव्वातीन तास लागले. नेस्मिथसाहेबांच्या नियमात प्रोस्टेट धरलेलं नाही.

शिवाय आमच्यात कुणी दमत नाही. दम लागणं हा प्रकारच नाही. कुणाला अचानक एखादं रानफूल दिसतं, कुणाला फोटो काढायचा असतो, कुणाची नाडी सुटते. ‘पुढं व्हा, आलोच!’ असं म्हणून माणूस वाकतो आणि तीन मिनिटं वाकलेलाच राहतो. सगळ्यात पंचाईत मास्तरांची. त्यांच्या बुटांना नाडीच नाही, वेल्क्रो आहे. मग ते पट्टी चर्रर्र करून उघडतात, तिच्याकडे गंभीरपणे बघतात, पुन्हा लावतात. पुन्हा चर्रर्र. त्या आवाजावर बाकीचे सगळे हळूच थांबून श्वास घेतात. एरवी ‘वा! काय देखावा आहे!’ हे थांबण्याचं हुकमी कारण. पण त्या दिवशी धुकं इतकं की पुढच्याची पाठसुद्धा दिसेना. तरी इंजिनिअरसाहेब कमरेवर हात ठेवून त्या पांढऱ्या भिंतीला ‘वा!’ म्हणालेच.

रेनकोटाबद्दल काय सांगावं. बाहेरून पाऊस, आतून घाम, मध्ये प्लास्टिक. चढावर अर्ध्या तासात कळेना, आपण भिजू नये म्हणून तो घातलाय की आपलं पाणी बाहेर सांडू नये म्हणून.

एका ओढ्यापाशी ताईंनी इंजिनिअरसाहेबांच्या पोटरीवरची जळू दाखवली. ताई निवृत्त डॉक्टर. जळू चावताना कळत नाही आणि तिच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही, असं त्यांनी उभ्या पावसात समजावलं. साहेब म्हणाले, “रक्त पातळ करायची गोळी मी घेतोच रोज. तिचे कष्ट वाचले.” सगळे हसले. मात्र हसून झाल्यावरही कुणी पाऊल उचलेना. ओढ्याचं पाणी गुडघ्याला लागेल असं दिसत होतं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता.

आता बोललंच पाहिजे, असं ठरवून मी शेजारी उभ्या अण्णांकडे वळलो. अण्णा ७३ वर्षांचे, ग्रुपचे थोरले. त्यांनी हो म्हटलं की विषय संपला.

“अण्णा, परत फिरूया का?”

“हो तर!” अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले. “फिरायलाच तर आलोय!” आणि शिरले पाण्यात.

पाऊस लागू नये म्हणून त्यांनी कानातली दोन्ही यंत्रं पायथ्याशीच काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती, हे मला तेव्हा आठवलं. अण्णा गेले म्हटल्यावर मागोमाग सगळेच गेले. माझ्या जीन्सनं ओढ्यातलं निम्मं पाणी सोबत घेतलं.

माथ्यावर पांढऱ्या भिंतीसमोर फोटो झाला. घराच्या गच्चीवर चादर टांगून काढला असता तरी चाललं असतं.

खरी परीक्षा उतरताना. मी नुकताच प्रोग्रेसिव्ह चष्मा केलाय आणि ग्रुपमध्ये कुणाला सांगितलेलं नाही. त्या काचेचा खालचा भाग वाचायचा. त्यातून पायाखालची पायरी बघितली की ती धूसर होते आणि आहे त्यापेक्षा जवळ वाटते. वर काचेवर पावसाचे थेंब. ज्येष्ठ मंडळी उतारासाठी मुद्दाम लांबचा साधा चष्मा घेऊन आली होती आणि काठ्या टेकत निवांत उतरत होती. पोरगा शेवाळावरून तीनदा बसून उतरला. तिसऱ्यांदा मास्तरांनी मागून विचारलं, “नाडी का?” मी म्हटलं, “पुढं व्हा, आलोच!”

खाली गाडीपाशी पोचल्यावर ताई मोजे पिळता पिळता म्हणाल्या, “खरं सांगू? मी ओढ्यापासूनच परतणार होते.”

“मी तर अंथरुणातूनच,” मास्तर म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?” मी ओरडलोच.

“तू सगळ्यात तरुण. म्हटलं, पोरग्याचा हिरमोड कशाला?”

“अहो, मी विचारलं होतं!”

“कुणाला?”

सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या. ते पिशवीतून यंत्रं काढून, रुमालानं कान कोरडे करून, एकेक बसवत होते. बारीक शिट्टी वाजली. अण्णांनी समाधानानं आमच्याकडे बघितलं.

“हं, आता येतंय ऐकू. मग? परत कधी फिरायचं?”