लाल दगड म्हणजे कच्चं लोखंड नव्हे

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘दिल्लीचा लाल किल्ला, बदामीची लेणी आणि कोकणातला जांभा, सगळा एकच लोहयुक्त दगड. जितका लाल, तितकं लोखंड जास्त. चुंबक लावून खात्री करा. आतून गंज चढतो म्हणूनच लाल किल्ल्याचे पापुद्रे निघतात.’

‘जितका लाल, तितकं लोखंड’ हे आधी घेऊ. लाल किल्ल्याचा दगड म्हणजे वालुकाश्म, फत्तेपूर सिक्री-धोलपूर पट्ट्यातल्या ‘विंध्य’ नावाच्या खडकसमूहाचा. ताज्या तुटलेल्या कडेवर भिंग धरा. वाळूचे कण वेगवेगळे दिसतील, बहुतेक क्वार्ट्झचे (गारगोटीचे), म्हणजे मुळात बिनरंगी. लाल असतो तो त्यांच्यावरचा हेमटाइटचा, म्हणजे लोहाच्या लाल ऑक्साइडचा, पातळ लेप. चिमूटभर हळदीने पातेलंभर वरण पिवळं होतं, तसं इथे शेकडा एक-दोन भाग लोहही पुरतं. शिवाय तेच लोह गोएथाइट या दुसऱ्या लोहखनिजाच्या रूपात असलं की दगड पिवळा-तपकिरी दिसतो. त्यामुळे एखाद्या पिवळ्या वालुकाश्मात लाल दगडापेक्षा जास्त लोह निघू शकतं. सिक्रीच्या दगडावर पांढरट ठिपके दिसतात, तिथला हा लेप विरघळून गेलेला असतो. वाळू तीच, रंग गेला.

वजनही बोलतं. क्वार्ट्झची घनता पाण्याच्या २.६५ पट, हेमटाइटची ५ पटीच्या वर. दगड खरंच लोहखनिजाचा असता तर हाताला लगेच जाणवलं असतं.

चुंबकाची खात्री तर फोलच. हेमटाइट साध्या चुंबकाला दाद देत नाही. चिकटतो तो मॅग्नेटाइट, लोहाचंच दुसरं ऑक्साइड, आणि तो काळा असतो!

बदामीचा दगड वालुकाश्मच आहे, पण ‘कलादगी’ नावाच्या वेगळ्या खडकसमूहातला. जांभ्याचं मात्र गोत्रच वेगळं. कोकणात तो बहुतेक ठिकाणी काळ्या बेसाल्टच्या कुजण्यातून झाला: पावसाने सिलिका धुऊन नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. म्हणून तो भोकाभोकांचा. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर कडक होतो. लोखंडाचा मान द्यायचाच तर तो जांभ्याला द्या. महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक जांभ्यातलं लोहखनिज भट्टीत घालून लोखंड गाळत.

राहिला गंज. हेमटाइट हे आधीच पूर्ण ऑक्सिडीकरण झालेलं लोह, ते आणखी काय गंजणार? पापुद्रे सुटतात ते मुख्यतः ओल आणि क्षारांमुळे. पाणी सुकताना क्षारांचे स्फटिक फुगतात आणि थर उचकटतात. दगडाचे थर आडवे न ठेवता भिंतीच्या तोंडाशी उभे बसवले असतील, तर हे आणखी लवकर होतं.