गेला असतास तर...

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांब होईल. वेळ नसेल तर लाईक करून पुढे जा.

आज घरी सत्यनारायण होता. जेवणं झाली, सगळे ओटीवर सुपारी कातरत बसलेले आणि आमचा आतेभाऊ, पुण्याचा, माझ्या पाचवीतल्या मुलीसमोर म्हणतो, "तुझा बाबा तेव्हा गेला असता ना, तर आज मॅनेजर असता." झालं! सगळ्यांच्या माना हलल्या. आईचीसुद्धा!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०११चा जुलै. पुण्यातल्या एका कंपनीचं बोलावणं आलेलं. पहाटे दापोली स्टँडवर पुण्याच्या एसटीत खिडकीची जागा धरून बसलो होतो, इंजिन सुरू झालेलं आणि फोन आला की बाबा विहिरीच्या काठावर शेवाळावरून घसरले, मांडीचं हाड गेलं. बॅग घेऊन उतरलो. बस गेली. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा एक 'मी' राहतो, जो त्या बसमधून उतरलाच नाही. त्याला फ्लॅट आहे, गाडी आहे, आणि गंमत म्हणजे नातेवाईकांची माया माझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त.

योगायोग असा की भाची मे महिन्यात एक इंग्रजी सायन्स फिक्शन कादंबरी इथेच विसरून गेली, समांतर विश्वांवरची, ती मी कालच संपवली. नाव सांगत नाही, कोणीतरी कमेंटमध्ये शेवट फोडेल. त्यातला हिरो एका विश्वातून दुसऱ्यात जातो आणि सगळीकडे स्वतःलाच भेटत सुटतो. भारी आहे. पण खोटं आहे. समांतर विश्वांची कल्पना भौतिकशास्त्रात १९५७ साली ह्यू एव्हरेट नावाच्या माणसाने प्रिन्स्टनच्या पीएचडीत मांडली. त्याच्या हिशोबात विश्वाला फांद्या फुटतात, पण त्या एकदा फुटल्या की एकमेकींना भेटायला जात नाहीत. आणि फुटतात त्या अणूंच्या पातळीवरच्या घडामोडींनी, तुम्ही बसमधून उतरलात म्हणून नाही. बिचाऱ्याला तेव्हा कोणी फारसा भाव दिला नाही, तो फिजिक्स सोडून पेंटागॉनच्या कामाला लागला आणि १९८२ मध्ये ५१व्या वर्षी गेला. त्यालाही सत्यनारायणाला कोणी म्हणालं असेल का, प्रोफेसर झाला असतास तर?

मुद्दा हा की आतेभाऊ त्या पुण्यातल्या 'मी'चा पगार मोजतो. निसर्ग वादळ कोण मोजणार? ३ जून २०२०. आमच्या वाडीतल्या दीडशेवर पोफळी दुपारपर्यंत आडव्या, माड मुळासकट उपटलेले, घराची कौलं उडालेली आणि बाबा माजघरात भिंतीला टेकून गप्प. तो फ्लॅटवाला 'मी' त्या दिवशी काय करत असता? टीव्ही बघत बसला असता, दुसरं काय!

पैसा लागतो, मान्य. मुलीच्या शिक्षणाचा आकडा डोळ्यांसमोर आला की मलाही झोप लागत नाही. आणि गावात राहिलो म्हणजे मी कोणी संत, असंही काही नाही.

आता लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो. बाबांचा पाय दिवाळीपर्यंत बरा झाला होता, काठी घेऊन वाडीत फिरायला लागले होते. कंपनीने दुसरी तारीखही दिली होती. तो मेल मी कोणालाच दाखवला नाही. दापोली स्टँड, बस, विहीर, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की ती ऐकून लोकांना माझी दया येते आणि मीही ती येऊ देतो. खरं एवढंच की मला जायचं नव्हतं. कादंबरीत एका क्षणात विश्व फुटतं, माझं बसमुळे फुटलंच नव्हतं. त्या मेलला उत्तर न देता मी रोज सकाळी शिंपणाला जात होतो, तेव्हा हळूहळू फुटत होतं.

आणि वादळाचं म्हणाल, तर टीव्ही बघत बसणारा माणूस मी बघितलाय. हाच आतेभाऊ. इथली लाईट गेलेली, टॉवर बंद, फोन लागेना. लॉकडाऊनमध्ये पास काढून पाचव्या दिवशी स्वतः गाडी चालवत आला, अंगणात पडलेल्या माडांवरून उड्या मारत, आणि ओटीवर बसून लहान पोरासारखा रडला. मी नाही रडलो. मला करवत चालवायची होती. त्यालाही पुण्यात कोणी विचारत असेल, गावी राहिला असतास तर? नसेल विचारत. म्हणून मग तो मला बोलतो बहुतेक.

संध्याकाळी निघताना विचारत होता, "आजोबांच्या हातच्या पोफळी राहिल्यात का रे एखाद-दुसरी?" म्हटलं, दोन आहेत, विहिरीकडच्या. बायको गाडीत हॉर्न वाजवत असताना हा चपला काढून वाडीत गेला. परत आला तो हातात पोफळीची एक वाळकी विरी, म्हणजे पानाचं देठाकडचं आवरण, घेऊन. कशाला, विचारलं नाही. कादंबरीपण मागून घेऊन गेलाय.

परत देणार नाही, माहितीय मला.