गंजेल तर शपथ!

जुन्या गाडीच्या आठवणीने ज्यांचा गळा दाटून येतो, त्यांनी ती केव्हाच विकलेली असते. आमची अजून दारात उभी आहे, त्यामुळे मला गहिवर परवडत नाही. मला फक्त घाम येतो.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८४ची. अमळनेरात तिला सगळे फियाटच म्हणतात. ते खोटंही नाही, कारण कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली ती फियाट ११०० म्हणूनच निघू लागली. चितोडच्या राणीचं नाव दहा वर्षांनी चिकटलं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीला गियर, पुढे या दारापासून त्या दारापर्यंत अखंड सीट. एके काळी गल्लीतल्या प्रत्येक नवरदेवाला तीच लागायची. बोनेटला झेंडूच्या माळा बांधून कोणकोण तिच्यातून मिरवलं, हे आमच्या वडिलांना, म्हणजे नानांना, तोंडपाठ आहे. त्या नवरदेवांची नातवंडं आता सायकल थांबवून विचारतात, "नाना, हाई चालस का?"

नानांनी मला वचन दिलंय. "ज्या दिवशी पत्रा सडेल, त्या दिवशी गाडी भंगारात." ऐकायला उदार वाटतं. पण हे वचन खान्देशात दिलेलं आहे, आणि मेख तिथेच आहे.

लोखंड गंजायला नुसती हवा पुरत नाही, पाणी लागतं. आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरतो आणि काम सुरू होतं. त्यात मीठ असेल तर बघायलाच नको. ७५ टक्क्यांच्या पुढे मीठ हवेतलं पाणी आपणहून ओढून घेतं आणि पत्र्याला चिकटून बसतं. माझ्या ताईचं सासर रत्नागिरीचं. दाजींचीही फियाटच, तीही आमच्यापेक्षा नवी. पण वर्षभर खारा वारा आणि चार महिने पाऊस. आधी दाराच्या खालच्या कडेला रंगावर फोड आला. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो. आपल्याला फोड दिसतो तोवर आतली पंगत उठलेली असते. मग गॅरेजवाल्याने लांबी, म्हणजे पुट्टी भरली, वर गंज रोखणारा रेड ऑक्साइड मारला. पुढच्या पावसाळ्यात लांबीच गळून पडली. शेवटी शेवटी तर पायाखालचं रबरी मॅट उचललं की रस्ता दिसायचा. दाजींनी गाडी भंगारात घातली, चार दिवस हळहळले, आणि आता एसी गाडीत बसून "काय गाडी होती राव!" म्हणत डोळे पुसतात. नशीब लागतं याला.

आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी पारा ४४-४५वर, आणि आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास घुटमळते. गंजाला बिचाऱ्याला घोटभर पाणी मिळत नाही. अमेरिकेत जुनी विमानं अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात नेऊन ठेवतात ती याचसाठी. नानांना ती सोय दारातच, बिनभाड्याची. पावसाळा संपला की मी टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा होतो आणि मोठ्या आशेने स्क्रू-ड्रायव्हर टोचतो. ठण्ण. चाकाच्या वर टोचलं, ठण्ण. ओट्यावरून आवाज येतो, "काय निघालं?"

"काही नाही."

"म्हटलं नव्हतं?"

बरं, गाडी मरत नाही म्हणजे जगते असंही नाही. जे लोखंडाचं नाही ते सगळं आमच्या उन्हाने खाल्लं. डॅशबोर्डला तडे गेलेत. दाराच्या रबराला बोट लावलं की काळी भुकटी हाती येते. वायरीवरचं आवरण वाकवलं की कडकन मोडतं. स्टिअरिंगला पंचा गुंडाळल्याशिवाय हात लावायची सोय नाही, आणि हाफ पँट घालून त्या रेक्झिनच्या सीटवर बसलेला माणूस दुसऱ्यांदा बसत नाही.

खरी परीक्षा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. लेकीने माहेरी जायचा सण, आणि आई सत्तरीची झाली तरी चाळीसगावची लेकच. मुहूर्तही असा की वर्षातलं सगळ्यात कडक ऊन. पारोळ्याच्या अलीकडे गाडी आचके देते आणि थांबते. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. बोनेटखाली तर विचारूच नका. नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि इंजिनाला चिकटलेल्या पंपाला वाफ काही ओढता येत नाही. गाडीला बोल लावण्यात अर्थ नाही, त्या काळच्या कार्ब्युरेटरवाल्या कुठल्याही गाडीने आमच्या उन्हापुढे मान टाकली असती. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. नाना बोनेट उघडतात आणि मागे न बघता ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरसारखा हात मागे करतात. त्या हातात मी फडकं द्यायचं. पाणी आमच्याच प्यायच्या बाटलीतलं. "आधी तिला, मग आपल्याला." फडकं चर्र करतं, बघता बघता वाळतं, पुन्हा भिजवायचं. येणारा-जाणारा प्रत्येक मोटरसायकलवाला थांबतो.

"काय व्हयनं नाना?"

"काही नही. जराशी गरम व्हयी गयी."

मग तो दारावर टकटक करतो. "पत्रा मात्र भारी शे हं!" नाना माझ्याकडे बघतात. मागून पदराने वारा घेत आई म्हणते, "एसटीने निघालो असतो तर आतापर्यंत आमरस-पुरणपोळी खाऊन आडवे झालो असतो."

मागच्या उन्हाळ्यात मात्र मला गंज सापडला! बोनेटवर, रंग उडालेल्या जागी, चांगला तांबूस. गोल गोल. आणि रांगेत. इतका शिस्तीचा गंज पाहून शंका यायला हवी. पण आनंदी माणसाला शंका येत नाहीत. ते आईचे बिबडे होते, म्हणजे ज्वारीचे पापड. गच्ची पुरली नाही की ती फियाटच्या बोनेटवर जुनं धोतर अंथरते आणि त्यावर बिबडे थापते. शिजवलेलं ज्वारीचं पीठ, ओलं, मिठाचं. पाणीही आलं, मीठही आलं. रत्नागिरीच्या समुद्राला जे जमतं ते आईने एका धोतरात जमवलं होतं.

"नाना, सडला पत्रा!"

नानांनी नख फिरवलं, पॉलिश पेपर मागवला, थोडं घासलं. खाली लखलखीत लोखंड. "हा डाग आहे. सडला म्हणजे आरपार." वचनात 'आरपार' कुठे होतं, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. "एका दिवसात वाळतात हो बोनेटवर," आई म्हणाली.

सरकारकडूनही आशा नाही. २०२१च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. म्हणजे आमची २०३४ साली. तोवर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, कर, रांगा. आणि व्हिंटेज झाल्यावर रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. दुरुस्तीला नेणं हाच आमचा रोजचा वापर आहे.

मुंबईत पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, आणि ती गेल्यावर लोकांना तिची फार आठवण येऊ लागली. त्यातलाच एक शौकीन पत्ता काढत आमच्याकडे आला. तडे, भुकटी, वायरी, कशाकडे त्याने पाहिलं नाही. "ते सगळं मिळतं हो. असा पत्रा मिळत नाही." गुडघ्यावर बसून त्याने खालून टकटक केलं, डोळे मिटले, आणि असा आकडा सांगितला की आई हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. मी मनातल्या मनात एसी गाडीचा रंगसुद्धा ठरवला.

नानांनी विचारलं, "ठेवणार कुठे?"

"वरळीला. बिल्डिंगखाली. समोर समुद्रच आहे!"

नानांनी बोनेट खाली घेतलं. "जेवून जा," म्हणाले, "शेवभाजी केली आहे."

दुपारी त्याला स्टेशनावर सोडायला फियाटच काढली. वाटेत ती थांबली तेव्हा पंपावर फडकं त्याने धरलं, आणि भलताच खूश दिसत होता.